पुढचं बाक

"नवरा टाकून आलेली बाई प्रभुभोजनाला पुढच्या बाकावर बसते म्हणजे काय! उद्यापासून तिला मागं बसवा. दोष असणाऱ्याची जागा मागं."

चर्चचे पंच शांतवनराव ओसरीवर पाळकसाहेबांना हे सांगत होते, तेव्हा त्यांची नवी सून सुवार्ता चहा घेऊन दाराआड उभी होती. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी परतलेली रूथ आत्ता कुठं चर्चला येऊ लागली होती. चारचौघांत उठवली, तर ती पुन्हा पायरी चढली नसती. आणि उठवणार कोण? बांधावरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं अबोला धरून वर प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेणारे मामंजी! सुवार्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं मुकाट्यानं चहा ठेवला आणि झाडू घेऊन निघाली, कारण शनिवारी चर्च झाडायचं काम नव्या सुनेचं.

रविवारी मंडळी येऊन बघते, तर सगळी बाकं मागच्या भिंतीकडे सरकवलेली. पुढं एकच बाक, लख्ख पुसलेलं. लोक मागंच दाटीवाटीनं बसले. त्यांत रूथ होती आणि पंचांचा भाऊही.

सगळ्यांत शेवटी पंच आले आणि कडाडले, "सूनबाई, हा काय पोरखेळ? मी बसायचं कुठं?"

सुवार्तानं पदर सावरला. लग्न झाल्यापासून तिचा आवाज मंडळीनं पहिल्यांदाच ऐकला.

"मामंजी, दोष असणाऱ्याची जागा मागं, हे तुमचंच म्हणणं. आम्ही सगळे मागं बसलो. पुढचं बाक निर्दोष माणसासाठी पुसून ठेवलंय, तिथं बसा. नाहीतर मागं काकांच्या शेजारी एक जागा आहे. सरकायला सांगू त्यांना?"