हिरवा ठिपका

मिरजेच्या एका नेमबाजी क्लबचे अध्यक्ष होते निवृत्त मेजर जगदाळे. जिल्ह्याचा संघ निवडायच्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, की बंदुकीच्या दुर्बिणीत नेम धरण्यासाठी दिसणारा ठिपका सगळ्यांनी लालच ठेवायचा. दुर्बिणीला हिरव्याचं बटण होतं, पण त्याला हात लावायचा नाही.

"लाल रंग मर्दाचा. मी आयुष्यभर लालावरच नेम धरलाय," ते म्हणाले.

निवडीला आलेल्या नेमबाजांत समीर मुजावर होता. त्याला जन्मापासून लाल रंग काळपट दिसे, त्यामुळे काळ्या निशाणावर तो ठिपका हरवून जाई. हिरव्यावर मात्र त्याचा नेम क्वचितच चुके. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. तो सरळ मेजरांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, मला लाल नीट दिसत नाही. हिरवा लावू द्या."

"मला दिसतो तो सगळ्यांना दिसला पाहिजे. नियम एकच."

"मग तुमचा चष्माही द्या," समीर हात पुढे करत शांतपणे म्हणाला. "तुम्हाला त्यातून स्वच्छ दिसतं. आज सगळे तोच लावून गोळी झाडू. सुरुवात मी करतो."

"माझा नंबर तुझ्या डोळ्यांना कसा चालेल?" मेजर बोलून गेले.

समीरने पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

मेजरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा स्वतःच्याच नाकावर चढवला.

"लाव हिरवा," ते म्हणाले. "आणि बाकीच्यांनाही सांग, ज्याचा डोळा त्याचा ठिपका."

संध्याकाळी संघ जाहीर झाला, तेव्हा समीरचं नाव मेजरांनीच वाचलं.