टिमकीचं तडकलेलं बोळकं

एक होती टिमकी उंदरी. एवढीश्शी! पारूमावशी कुंभारणीच्या अंगणात राहायची. दिवसभर दाणे वेचून दमायची. पण निजायला जागाच नव्हती.

मावशीनं तिला एक बोळकं घडवून दिलं. उन्हात वाळवलं. आज मडकी भाजायचा आवा पेटणार. बोळकं पक्कं होणार. टिमकी त्यात झोपणार!

आणि काय झालं? तड्! बोळक्याला गेली भेग.

टिमकी रडली, चूं चूं चूं. "मावशी, मावशी, भेग सांध ना!"

मावशी म्हणाली, "सांधते गं बाई. तसंच आव्यात गेलं तर फुटेल फट्कन! पण नुसती माती धरत नाही. तिच्यात लीद कालवायला हवी. जा, गाढवाची लीद आण."

टिमकी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू. हुश्श!

"गाढवदादा, गाढवदादा, लीद दे! लीद मावशीला, चिखल भेगेला, बोळकं आव्याला, मग झोप मला!"

गाढव म्हणालं, "माती वाहून वाहून दमलो. पोटात काही नाही, तर लीद कुठली? गवत आण, मग देतो."

लुटूलुटू, लुटूलुटू. हुश्श! हुश्श!

"गवतबाई, गवतबाई, हिरवी हो! गवत गाढवाला, लीद मावशीला, चिखल भेगेला, बोळकं आव्याला, मग झोप मला!"

गवतबाई म्हणाली, "मानच उचलवत नाही गं. पाणी आण, मग होते."

लुटूलुटू, लुटूलुटू. हुश्श! हुश्श! हुश्श!

"ओढेमामा, ओढेमामा, वाहा ना! पाणी गवताला, गवत गाढवाला, लीद मावशीला, चिखल भेगेला, बोळकं आव्याला, मग झोप मला!"

ओढा म्हणाला, "वाटेत दगड बसलाय. ढकलून ढकलून दमलो. त्याला सरकव, मग येतो."

लुटू... लुटू... हुश्श.

"दगडोबा, दगडोबा, सरका ना! वाट ओढ्याला, पाणी गवताला, गवत गाढवाला, लीद मावशीला, चिखल भेगेला, बोळकं आव्याला, मग झो... आऽऽऽ!" जांभईच आली.

दगड म्हणाला, "मी नाही सरकत जा!"

टिमकीचे पाय दुखत होते. शेपटीसुद्धा दुखत होती. ती चिखलातच बसली, मटकन.

दगडाला दया आली. "दमलीस का गं? चिखलात नको बसू. थांब, तुला जागा करतो."

आणि दगडोबा सरकला. जरासा. एवढासाच!

खळ्ळ! ओढा सुटला.

पाणी गवताला. गवत हिरवंगार!
गवत गाढवाला. कुरुम कुरुम!
लीद मावशीला. थप्प! ईऽऽ!
चिखल भेगेला. मावशीनं बोटानं हळूच लिंपला.
बोळकं आव्याला. धुस्स धुस्स!

भाजून निवलं, तसं मावशीनं बोळकं वाजवून पाहिलं. टण्ण! "पक्कं झालं गं, टिमके!"

टिमकी आत शिरली. शेपटी गुंडाळली. हुश्श!

तेवढ्यात कोण आलं? मुंगी. साखरेचा दाणा ओढून ओढून दमलेली. "टिमकीताई, मला जागा आहे का?"

टिमकीचे डोळे मिटत होते. तरी ती सरकली. जराशी. एवढीशीच!

मुंगी झोपली. टिमकी झोपली. गोष्टही दमली, तीही झोपली. आता तू सरक रे बाळा, मला जागा दे.