उजव्या हाताचा भाव

महिन्याच्या पंधराव्या दिवशी उदाजीराजांची दवंडी कासारआळीत फिरली, "आजपासून गाळ्यांचं भाडं दुप्पट! परवडत नसेल त्यानं दिवस मावळायच्या आत गाळा रिकामा करावा!"

सगुणा कासारीण तशीच उठली आणि थेट दरबारात गेली. गाळ्यातच तिचं दुकान आणि गाळ्यातच बिऱ्हाड. तो गेला, तर सासू, नवरा आणि तीन पोरं घेऊन उघड्यावर यायची पाळी!

"म्हाराज, आमी म्हैन्या-म्हैन्याचं भाडेकरू. भाडं खुशाल वाढवा, पर आदी सांगा तरी! म्हैना निम्म्यावर आल्यावर दुसरा गाळा कुटं हुडकू?"

"गाळे आमचे! वाटेल तेव्हा वाढवू!" राजे गुरगुरले. चूक कबूल करायची त्यांना सवयच नव्हती. शिंक आली तरी ती दिवाणजींची म्हणायचे. "यात चूक आहे, असं आमच्याच तोंडून वदवून दाखव! परवा सांजेपर्यंत मुदत. नाही जमलं तर चंबूगबाळं आवर!"

सगळा दरबार हसला. सगुणा मुजरा करून निघाली.

परवा म्हणजे राजकन्येच्या हळदीचा दिवस. हिरवा चुडा भरायचा मान सगुणाचा. दोन दिवस डोकं खाजवूनही तिला काही सुचलं नव्हतं. तिनं नवरीचा डावा हात भरला, उजवा हातात घेतला, आणि एकदम सोडून दिला!

"या हाताचा भाव दुप्पट!"

बायकांत एकच गलका झाला. राणीसाहेबांनी राजांना बोलावून आणलं. मागोमाग दिवाणजीही आले.

"परवडत नसंल तर दुसरी कासारीण बगा, म्हाराज."

"आत्ता? वऱ्हाड वेशीत आलंय!"

"मग नवरीला एकाच भरल्या हातानं उबी करा."

"लोक तोंडात शेण घालतील!"

"मग भरलेल्या उतरवू का?"

"अगं, अभद्र बोलू नकोस!" राणीसाहेबांनी कानांवर हात ठेवले. नवरी मात्र पदराआड हसत होती.

राजे लालबुंद झाले. "बांगड्या तुझ्या, भाव तुझा, कबूल! पण वाढवायचा तर पहिली बांगडी चढवायच्या आधी सांगायचं! दुसरी कासारीण शोधायला माणसाला सवड नको? एक हात भरल्यावर सांगणं ही चूक आहे, शुद्ध चूक!"

सगुणानं हात जोडले. "व्हय म्हाराज, चूकच. माजाबी म्हैना निम्मा भरला हुता."

राजांच्या मिशा थरथरल्या आणि ते खो खो हसत सुटले.

"लिहा, दिवाणजी! भाडं वाढेल ते महिन्याच्या पहिल्या दिवसापासून, तेही पुरा एक महिना आधी सांगून! आणि या कासारणीला आजपासून वर्षभराचं भाडं माफ!"

दिवाणजींनी लेखणी थांबवली. "पण सरकार, नव्या नियमानं तिलाही महिनाभर आधी कळवावं..."

"दिवाणजी," जुन्याच भावानं उजवा हात भरत सगुणा म्हणाली, "म्हैनाभर दम खायचा त्यो भाडं वाढताना! माफ हुयाला आमी या घडीला तयार हाय!"

हसता हसता राजांना ठसका लागला, आणि सगुणाच्या पदरात वर एक जरीचं लुगडंही पडलं.