रांजणातली भिंगरी

घरोघरी रांजणातलं पाणी प्यायचे, तेव्हाची गोष्ट. एका रांजणात भिंगरी नावाची जंतूबाई शेपटी गरगर फिरवत पोहायची.

एकदा पाण्याच्या मधोमध गुळाचा खडा पडला. भुकेली भिंगरी त्याच्याकडे जायला रांजणाच्या भिंतीच्या कडेने निघाली, तर भिंतीला चिकटलेली दुसरी जंतूबाई, जनामावशी, तिला वाटेत तीनदा भेटली.

"मावशी, तुम्ही माझ्या पुढे कशा जाता?"

"मी इथेच आहे गं. भिंतीलगत पोहणारी गोल फिरत राहते. मीही फिरले, दमले आणि इथेच चिकटले."

भिंगरीने जोर वाढवला, तरी ती पुन्हा मावशीपाशीच आली. शेवटी तिने शेपटी सैल सोडली. तिचं अंग कोलमडलं, तोंड भिंतीकडून वळलं आणि समोर मोकळं पाणी आलं. ती सरळ गुळाच्या खड्याकडे निघाली.

मावशी बराच वेळ तिकडे बघत राहिली. "शेपटी सैल सोडायचं मला सुचलंच नाही," ती म्हणाली.