मनातले मांडे

तापीकाठच्या एका गावात सुपडाबाई नावाची एक सुगरण होती. तिच्या हातच्या मांड्यांचं काय सांगावं! पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर असा काही झुलवी, की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरे आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद जाऊन बसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची लेक सासरहून यायची ती या मांड्यांच्या ओढीनं.

एके दिवशी सुपडाबाईला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. सून कोकिळा मोठी मायाळू. ती सासूला घास भरवी, वेणी घाली, पाण्याचा तांब्यासुद्धा तोंडाशी धरी. बिचाऱ्या उजव्या हाताला कामच उरलं नाही. तो आपला मांडीवर पडून राही.

"आखाजीला लेक येईल अन् मी तिला दुसरीच्या हातचा मांडा वाढू?" असं म्हणून सुपडाबाई रडे.

तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं. त्यांनी विचारलं, "आजी, मांडा हातावर फाटला तर काय करता?"

"काय करणार? शेजारची कणीक ओढायची अन् भोक बुजवायचं."

"मेंदूचंही तसंच आहे. तुमच्या मेंदूचा एक तुकडा निकामी झालाय. त्याचं काम शेजारचा भाग शिकू शकतो, पण ओढल्याशिवाय कणीक सरकत नाही. रोज थोडा वेळ डावा हात पदरात गुंडाळून ठेवा आणि उजव्याला कामं सांगा. तो ऐकेनासा झाला, तर डोळे मिटून मनात मांडा करा. आणि कोकिळाताई, तुम्ही भरवणं बंद करा बरं."

सुपडाबाईला हसू फुटलं. "म्हणजे मी मनातले मांडे करू?"

"अगदी तेच!"

झालं! सुपडाबाई ओसरीवर बसून डोळे मिटून मांडे झुलवू लागली. शेजारची गेंदाबाई खो खो हसली. "काय वं सुपडा, मनातले मांडे खातेस का?"

"खात नाही, करतेय! तुला पाहिजे तर ताट घेऊन ये!"

वाटी सांडे, घास पडे, सुपडाबाई चिडे. ते बघून कोकिळाचा जीव कळवळे. तिचे हात मदतीला धावत, मग ती ते आपल्याच पदराखाली दाबून धरी. हळूहळू बोटं हलली. मग मुठीत लिंबू राहू लागलं. पुढे कणकेचा गोळा आला.

आखाजी उजाडली. लेक दारात आली, तर आई चुलीपुढे! मांडा लहानच होता, वाकडा होता, करंगळी अजून आळशीच होती. मध्येच तो टरकन फाटला. कोकिळानं श्वास रोखला, पण जागची हलली नाही. सुपडाबाईनं शेजारची कणीक ओढली, भोक बुजवलं आणि मांडा खापरावर टाकला.

लेकीनं पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. सुपडाबाईला तर आनंद मावेना. एवढ्यात दारात भांड्याचा आवाज झाला. गेंदाबाई ताट घेऊन उभी होती.

"आण गं बाई, तुझा तो मनातला मांडा!"

तात्पर्य: गेलेलं सगळंच परत येतं असं नाही, पण मेंदू म्हातारपणीही नवं शिकतो. त्याला रोज काम द्यावं, आणि माया करणाऱ्यांनी ते काम हिरावून घेऊ नये.