चार मिलिअँपिअरचा शिधा

एकदा एका रसायनांच्या कारखान्यात एका वृद्ध कारागिराने काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी सकाळी सकाळी रिकामी करायला लावली. तीही कोणत्या दिवशी? साडेदहाला मालक येणार होते आणि अकराला मालाची नवीन बॅच सुरू व्हायची होती, नेमकी त्याच दिवशी. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. लोकांचं काय जातं म्हणायला!

या कारागिराचं नाव हैबतराव. सगळे त्यांना नाना म्हणत. दाब, तापमान, पातळी मोजणारी यंत्रं सांभाळण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. त्यांच्या हाताखाली एक तरुण इंजिनिअर होता, धैर्यशील. नाव धैर्यशील, आणि स्वभावाने इतका काळजीखोर की घराला कुलूप लावल्यावर चार वेळा ओढून बघणारा. त्या दिवशी तर त्याची काळजी दुप्पट झाली होती. नोकरीत कायम केल्याचं पत्र मालक त्याला त्याच दिवशी देणार होते. मुलीकडच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, मुलगा कायम झाला की साखरपुड्याची तारीख धरू. पत्र टाइप होऊन तयार होतं. सही तेवढी धैर्यशीलने बसवलेलं नवं यंत्र पाहून व्हायची होती.

यंत्र म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी कळवणारा ट्रान्समीटर. टाकी उंच मनोऱ्यावर. तिचं पाणी खाली रिॲक्टरभोवती, म्हणजे रसायनं जिथे एकत्र होतात त्या बंद भांड्याभोवती, फिरतं आणि त्याला थंड ठेवतं. पाणी संपलं तर रिॲक्टर तापतो, आणि तापलेला रिॲक्टर कोणाचं ऐकत नाही. त्याच्या शेजारी आठ तास उभा असतो इलाहीभाई, तीन मुलींचा बाप. म्हणून पातळी दहा टक्क्यांखाली गेली की कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजावा, अशी सोय केलेली होती.

आता या ट्रान्समीटरची गंमत ऐका. मनोऱ्यावरून खाली फक्त दोन तारा येतात. त्याच दोन तारांतून त्याला वीज मिळते आणि त्याच दोन तारांतून तो निरोप पाठवतो. टाकी पूर्ण भरलेली असेल तर तो वीस मिलिअँपिअर प्रवाह ओढतो, पूर्ण रिकामी असेल तर चार. मधल्या पातळीला मधला आकडा. त्याची भाषा एवढीच. आणि चार म्हणजे किती, तर एक बरा दिवासुद्धा पेटणार नाही इतका.

धैर्यशीलने नेमका तिथे दिवा पेटवला होता. मनोऱ्यावर चढणाऱ्यांची तक्रार होती की यंत्रावरचा आकडा अंधुक दिसतो. याने त्यात लखलखीत डिस्प्ले बसवला. पन्नास पावलांवरून आकडा वाचता येई. येणारे जाणारे मान वर करून बघत आणि म्हणत, वा! त्या एका ‘वा’वर पोरगा आठवडाभर जगत होता. टेबलावर त्याने यंत्र तपासलंही होतं. पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव, चारही ठिकाणी आकडे बिनचूक आले होते.

आणि अशा यंत्रासाठी नाना म्हणाले, “टाकी रिकामी करा.”

“नाना, अहो काय करताय हे?” धैर्यशील अक्षरशः त्यांच्या मागे धावला. “टाकी परत भरायला दोन तास लागतात! साहेब येतील, टाकी कोरडी बघतील. माझं पत्र...”

“पाणी कुठे जात नाही. खालच्या हौदातच पडतंय.”

“पण मी सगळं तपासलंय. चारही आकडे बरोबर आलेत, वहीत लिहिलेत.”

“बघितली वही,” नाना म्हणाले. “तू जा, कंट्रोल रूममध्ये बस. मी वर जातो. वॉकीटॉकी चालू ठेव.”

पासष्टीचा माणूस गुडघ्यावर हात टेकत शिडी चढू लागला. धैर्यशीलला काही सुचेना. म्हाताऱ्याला आपलं भलं बघवत नाही की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. येतं हो मनात, भीती माणसाला काहीही सुचवते. कंट्रोल रूममध्ये बसून तो घड्याळाकडे बघे, मग पडद्यावरच्या आकड्याकडे, मग फाटकाकडे. साहेबांची गाडी अजून दिसत नव्हती.

पातळी उतरत होती. पन्नास. तीस. वीस. वॉकीटॉकीवर नाना वरचा आकडा सांगत, हा खालचा सांगे, आणि दोन्ही जुळत. धैर्यशीलला जरा हुरूप आला. बघा म्हणावं!

“पंधरा,” वरून आवाज आला.

“इथेही पंधरा.”

“दहा.”

धैर्यशीलने पडद्याकडे पाहिलं. तिथे साडेबारा टक्के होते. असेल थोडं मागेपुढे, पाणी हलतंय, असं त्याने स्वतःला समजावलं.

“पाच,” नाना म्हणाले. “तुझ्याकडे?”

“साडेबारा.”

“दोन. आता तळ दिसतोय मला. आता शून्य. तुझ्याकडे काय?”

 पडद्यावर साडेबारा होते. हिरव्या रंगात, शांतपणे, साडेबारा. भोंगा वाजला नव्हता, आणि तो वाजणारही नव्हता. टाकीत थेंब नाही, आणि कंट्रोल रूमला ते कोणी सांगत नाही. नाना नसते तर अकराला बॅच सुरू झाली असती. आज नाही तर महिन्याभराने एखादा पंप बंद पडला असता, टाकी आटली असती, आणि खाली इलाहीभाई उभा असता.  मघाशी तो पत्रासाठी घाबरला होता. ही भीती वेगळीच होती.

तो धावतच मनोऱ्यावर चढला. नाना कोरड्या टाकीच्या कडेला बसले होते. शेजारी त्याचा डिस्प्ले लखलखत होता आणि त्यावर अगदी खरा आकडा होता, शून्य.

“याला माहीत आहे,” धैर्यशील धापा टाकत म्हणाला. “टाकी रिकामी आहे हे याला माहीत आहे! मग खाली खोटं का सांगतो?”

नानांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला, डिस्प्लेची तार सैल केली आणि ओढून बाजूला केली. दिवा विझला. त्याच क्षणी खाली कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजायला लागला. इतका कर्कश आवाज, पण धैर्यशीलला तो ऐकून रडूच फुटायचं बाकी राहिलं.

“बस इथे,” नाना म्हणाले. “रिकाम्या टाकीचा निरोप चार मिलिअँपिअर. म्हणजे टाकी रिकामी असताना या यंत्राला सगळा शिधा मिळतो तो चारच. त्यात त्याने जगायचं, मोजायचं आणि सांगायचं. तुझ्या दिव्याने त्याची भूक सहावर नेली. आता सहाच्या खालचा निरोप त्याला देताच येत नाही. सहा म्हणजे साडेबारा टक्के. लबाडी करावी असं त्याच्या मनात नाही रे बाळा. खरं कळतंय त्याला, पण खरं सांगायचं तर स्वतःचा दिवा विझवावा लागतो. भरलेल्या टाकीला वीस असतात, तेव्हा कोणाचंही भागतं, तेव्हा सगळेच खरं बोलतात. तू पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव तपासलंस. रिकामं तपासलं नाहीस.”

“रिकामी टाकी कोणाला दाखवायची, असं वाटलं,” धैर्यशील खाली मान घालून म्हणाला.

“सगळ्यांना तसंच वाटतं. जो कमीत भागवतो, त्यालाच कमी आहे म्हणून सांगता येतं. एवढंच मला या चाळीस वर्षांत कळलंय. चल, उठ. साहेब आले बघ.”

फाटकातून गाडी आत येत होती. शिडी उतरताना धैर्यशीलने विचारलं, “नाना, साहेबांना तुम्ही सांगाल का?”

“यंत्र कोणाचं?” एवढंच नाना म्हणाले.

मालक भोंगा ऐकून तणतणतच आले. मागे मॅनेजर, हातात पत्राची फाईल. “काय गोंधळ आहे? अकराला बॅच आहे ना? धैर्यशील, यंत्र ठीक आहे ना?”

 डिस्प्ले सुटलेला होताच, यंत्र आता खरंच ठीक होतं. ‘हो साहेब, जरा तपासणी चालली होती’ इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. धैर्यशीलच्या ओठावर ते शब्द आले, आणि डोळ्यांपुढे तो हिरवा साडेबाराचा आकडा आला.

“नव्हतं साहेब,” तो म्हणाला. “माझी चूक होती. मी बसवलेल्या दिव्यामुळे टाकी रिकामी झाली तरी भोंगा वाजला नसता. नानांनी टाकी रिकामी करायला लावली म्हणून कळलं. आता दुरुस्त केलंय, पण टाकी भरून पुन्हा तळापर्यंत तपासेन. बॅच आज दुपारनंतर.”

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. “पत्राचं पुढच्या महिन्यात बघू,” म्हणाले आणि ऑफिसकडे निघून गेले. धैर्यशीलला संध्याकाळी मुलीच्या वडिलांना फोन करायचा होता. काय सांगायचं ते त्याला ठाऊक होतं. इलाहीभाई एका बाजूला उभा राहून सगळं ऐकत होता. तो जवळ आला आणि धैर्यशीलच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

ही गोष्ट ऐकल्यापासून मला एक खोड लागली आहे. कोणी मला ‘सगळं उत्तम चाललंय’ असं सांगितलं, की मी मनात विचारतो, याला ‘नाही’ म्हणणं परवडतं का? आणि मग, जरा घाबरतच, तोच प्रश्न स्वतःला विचारतो.