गोजराबाईचं पुरलेलं मडकं

निर्मळगीर महाराज हिवरदऱ्यास आले ते चैत्रात. चार दिवसांसाठी म्हणून आले आणि उन्हाळाभर राहिले. गावाच्या उगवतीला धर्मशाळा होती, तिच्या ओसरीवर त्यांनी घोंगडी अंथरली. त्या वर्षी नदी फाल्गुनातच वाळूची झाली होती आणि गावचा एक आड तेवढा ओला उरला होता. असल्या गावात साधू आला की लोक पहिल्या दिवशी पाया पडतात आणि दुसऱ्या दिवशी पाऊस मागतात. महाराजांनी पावसाचं नाव काढलं नाही. भेटेल त्याला ते एवढंच विचारीत, "परसात काय लावलंय?" लोकांना वाटे, महाराज भाजीची सोय बघताहेत.

आडाच्या पाण्याची वाटणी हैबतराव कारभाऱ्यांकडे होती. रोज सकाळी घरटी दोन घागरी. माणूस न्यायाचा, हे आधीच सांगितलं पाहिजे. त्यांच्या घरामागे स्वतःची विहीर होती, म्हणून आडाच्या पाण्याला ते बोट लावीत नसत. आणि हे ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवीत. पण एक सल त्यांना होता. त्यांच्या परसात गडी रोज भर दुपारी आठ घागरी ओती. तहान दुपारीच लागते, मग पाणी दुपारीच द्यावं, असं त्यांचं शास्त्र. तरी पडवळाची पानं उकडल्यासारखी होत आणि मोगरा कळीतच करपे. इकडे गावाच्या टोकाला गोजराबाईच्या परसात पडवळ हातभर लोंबत होतं.

गोजराबाई एकटी होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. लोकांचं दळणकांडण करावं, परसात राबावं, आणि जे निघेल त्यातलं पहिलं धर्मशाळेत महाराजांना नेऊन द्यावं, हा तिचा नेम.

वैशाखातल्या एका सकाळी हैबतरावांनी तिला आडावर सगळ्यांदेखत हटकलं.

"गोजराबाई, पडवळ हातभर झालंय म्हणे."

"होय कारभारी. काढून देऊ का एक?"

"पडवळ नको. पाणी कुठून येतं ते सांग."

"या आडातून. तुम्हीच तर देता."

बायका हसल्या. तिथं बिघडलं. हसण्यासारखं ती काही बोलली नव्हती, पण हैबतरावांची कानशिलं तापली.

"आमच्या आठ घागरींत होत नाही ते हिच्या दोन घागरींत होतं! मंतर टाकतेस की काय पाण्यावर? ऐका सगळे. आजपासून हिला एकच घागर, पिण्यापुरती. आठ दिवसांत हिची बाग सुकली तर ही खरी. हिरवी राहिली, तर ही चोरून आडावर येते हे ठरलं. मग हिची घागर या आडात पुन्हा उतरणार नाही."

गोजराबाईनं एक घागर भरली, दुसरी रिकामीच काखेत घेतली आणि ती गेली.

हैबतराव आपल्या न्यायावर खूश होते. जेवताना त्यांनी तो घरात सांगितला. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे बाईनं खरं ठरायचं, तर हातानं वाढवलेलं मरताना बघत बसायचं होय? छान आहे."

"तुला न्यायातलं काय कळतं?"

"काही नाही. भात वाढू का?"

संध्याकाळी हैबतराव धर्मशाळेत गेले, तर गोजराबाई तिथं आधीच बसलेली. ते खांबाआड थबकले.

"महाराज, देवापाशी मागू तरी काय?" ती विचारत होती. "वेल जगू दे म्हणावं तर मी चोर. मरू दे म्हणावं तर जीभ वळत नाही."

महाराज म्हणाले, "मग मागूच नकोस. परसात काम किती आहे?"

"उन्हाळ्याचं काम कधी संपतं का?"

"ते कर. देवाला त्याचं काम ठाऊक आहे. आपण त्याला शिकवायला जाऊ नये."

त्याच रात्रीपासून हैबतरावांनी आडावर दोन गडी बसवले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः गोजराबाईच्या कुंपणालगतच्या लिंबाखाली बाज टाकली. चोर पकडायला बसले होते, पण थोड्या वेळानं माणूस नुसतंच बघायला लागतो. गोजराबाई खुरपं घेऊन कोरडी माती उकरत होती. तासभर त्यांनी दम धरला.

"पाणी नाही तर माती कशाला उकरतेस?"

"वरचा पापुद्रा मोडला की खालची ओल उडून जात नाही, कारभारी. एक खुरपणी म्हणजे अर्धं पाणी."

हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं पाचोळा गोळा करून प्रत्येक आळ्यात वीतभर अंथरला. मग जुनं लुगडं फाडून मांडवाला पश्चिमेकडून बांधलं, उतरतं ऊन झाडांना जास्त लागतं म्हणून. पिकली पानं खुडली. हैबतराव मान वळवून वळवून बघत राहिले. त्या रात्री त्यांनी गड्याला सांगितलं, "उद्यापासून आपल्या झाडांना पाणी दिवस उगवायच्या आत घाल. दुपारी नको." द्वारकाबाई पदराआड हसल्या.

चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की दोन वेलांच्या मध्ये एक दगडी चीप आहे. बाई तिच्याभोवती पाचोळा सारते, पण ती चीप उचलत नाही.

"त्या चिपेखाली काय?"

"मडकं."

"कसलं मडकं?"

"पाण्याचं. कच्च्या भाजणीचं, कुंभारानं टाकून दिलेलं. गळ्यापर्यंत पुरलंय. दुसरी घागर मी त्यात ओतायची. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपतं, मुळं जाऊन त्याला बिलगतात. वर एक थेंब उन्हाला मिळत नाही." तिनं चिपेकडे बघितलं. "आता कोरडं पडलं असेल. उघडून बघायचा धीर होत नाही."

दोन घागरींचं कोडं सुटलं होतं. बाई चोर नाही, हे त्यांना तिथंच, लिंबाखाली कळलं होतं. उठून आडावर जायचं आणि तसं सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण शब्द सगळ्या गावासमोर टाकला होता, आणि तो माघारी घ्यायचा कसा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यापेक्षा बाग सुकली तर बरं, बाई आपोआप खरी ठरेल, असं ते मनाशी म्हणू लागले. पाचव्या दुपारी पडवळाची पानं खरोखरच मलूल झाली. तर त्यांनाच जेवण गेलं नाही. सकाळी पुन्हा पानं ताठ. आता मात्र त्यांची झोप गेली. रिकाम्या मडक्यावर वेल जगतो कसा?

सहाव्या दिवशी ते महाराजांकडे गेले. दुपारची वेळ. महाराजांच्या वाट्याला दिवसाचं पाणी एक घडा. त्यात वाळ्याची जुडी घातलेली. ती जुडी हैबतरावांचीच. त्यांच्या ओढ्याकाठचा वाळा दर उन्हाळ्यात धर्मशाळेत द्यायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि त्याचा किंचित कडसर वास ते झोपेतही ओळखीत. महाराजांनी घोटभर पाणी घेतलं आणि उरलेला सगळा घडा ओसरीखालच्या मातीत ओतला.

"महाराज!" हैबतराव ओरडलेच. "तिथं गवतसुद्धा नाही. पाणी फुकट घालवता?"

"घालवत नाही. पोचवतो."

"कुठं?"

"ज्यानं बंद केलं त्यानं विचारावं, हे नवल आहे," महाराज म्हणाले आणि हसले. रागानं नव्हे. उन्हातून घरी जाताना हैबतराव दोनदा थांबले.

आठवा दिवस उजाडला. सगळं गाव गोजराबाईच्या कुंपणाशी जमलं. बाग हिरवी होती. पडवळाला दोन नवी फुलंही होती. हिरवं दिसलं म्हणून आनंद करायचा की बाईची घागर गेली म्हणून हळहळायचं, हेच कोणाला उमजेना.

शेवटी एकजण म्हणाला, "कारभारी, निकाल सांगा."

गोजराबाई मांडवाखालून पुढे आली. "निकाल मला ठाऊक आहे. आडावर कोण आलं न् कोण नाही, ते तुमच्या गड्यांना विचारा. वेल जगला हा माझा गुन्हा असेल तर घागर काढून घ्या. पण माझ्यावरच्या रागानं वेल उपटू नका. त्यांनी काही केलं नाही."

हैबतरावांनी गड्यांकडे पाहिलं. गड्यांनी माना हलवल्या. आडावर कोणी आलं नव्हतं.

"मग मडक्यात पाणी भरलं कोणी?" हैबतराव म्हणाले. आवाज दरडावणीचा होता, पण त्या प्रश्नानं त्यांना दोन रात्री जागवलं होतं. "कुदळ आणा. खणून बघू."

"खणाल तर फुटेल," मागून आवाज आला. लोकांनी वाट दिली. निर्मळगीर महाराज काठी टेकत येत होते. "चीप उचला, कारभारी. तुम्हालाच बघायचं आहे, तर तुम्हीच उचला."

हैबतराव पाचोळ्यात उकिडवे बसले. चिपेच्या कडांवर धूळ घट्ट बसली होती, कोळ्यानं जाळंही विणलं होतं. आठ दिवसांत तिला हात लागला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्यांनी चीप सरकवली. मडकं काठोकाठ भरलेलं होतं. आणि खालून वास आला. वाळ्याचा. कडसर.

त्यांनी चार बोटं बुडवून तोंडाला लावली.

"हे पाणी कुठलं, बाई?" त्यांनी हळू विचारलं.

"मला ठाऊक नाही, कारभारी. वाळा मी कुठून आणणार?"

हैबतरावांनी महाराजांकडे पाहिलं. धर्मशाळा गावाच्या त्या टोकाला, हे परस या टोकाला. मध्ये पाऊण कोस तापलेली जमीन. महाराज म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? वाळा तुमचा. आम्ही नुसतं ओतलं. मधल्या वाटेचं त्याला विचारा, ज्यानं ती काढली."

हैबतराव उठले. गावाकडे तोंड केलं. "बाई चोर नाही," ते म्हणाले. "आणि मला हे चौथ्या दिवशीच कळलं होतं." पुढचं वाक्य काही त्यांच्याच्यानं होईना, पण तेवढ्यानं भागलं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत गोजराबाईच्या परसाचं फाटक वाजलं. हैबतराव स्वतःच्या विहिरीची घागर खांद्यावर घेऊन उभे होते. गडी बरोबर नव्हता. मागोमाग महाराज, बघू तरी काय करतात म्हणून. कारभाऱ्यांनी चीप पायानं सारली आणि उभ्यानंच घागर कलती केली. अर्धं पाणी पाचोळ्यात गेलं.

"असं नाही," गोजराबाई म्हणाली. "गुडघे टेकावे लागतात. तोंड बारीक आहे त्याचं, जमिनीशी गेल्याशिवाय दिसत नाही."

हैबतरावांनी गुडघे टेकले. घागर दोन्ही हातांनी धरली, मान खाली घातली, आणखी खाली घातली, तेव्हा पागोटं सुटून पाचोळ्यात पडलं. त्यांनी ते उचललं नाही. पाणी गुडगुडत आत उतरलं, एक थेंब सांडला नाही. घागर रिती झाली तरी त्यांचं कपाळ मातीवरच होतं. समोर वेल होता, डावीकडे गोजराबाई होती आणि मागं महाराज. नमस्कार त्यातल्या कोणाला होता, ते कोणी विचारलं नाही. ज्याचं त्याला पोचलं असेल.